सतरा वेळा पोचलोच

माझ्या हातात आलेल्या पहिल्या संशोधनाची मी चार ओळींत वाट लावली.

झालं असं. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना माझा गुडघा मुरगळला आणि मला अँब्युलन्सवरून काढून सहा आठवडे ऑफिसात बसवलं. वीस वर्षं पॅरामेडिक म्हणून धावलेल्या बाईला खुर्चीत बसवणं ही शिक्षाच. त्यात साहेबांनी जागा दिली जिन्याखालच्या खोलीत, विद्यापीठातून आलेल्या एका संशोधक मॅडमच्या समोर. वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, जाड चष्मा, आणि आवाज इतका हळू की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यांचा विषय एवढाच होता, की अँब्युलन्समधून नेलेल्या पेशंटांना आमच्या ताब्यात असताना काय वाटलं. किती जणांना वाटलं, किती टक्के, ते नाही. नुसतं काय वाटलं. याला गुणात्मक संशोधन म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय वाटायचंय, दुखत असेल.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बावन्न मिनिटांचं एक रेकॉर्डिंग दिलं. "ताई, एवढं उतरवून काढाल का?"

एक बेकरीवाला बोलत होता. मी कानात इअरफोनची बोंडं घालून सगळं ऐकलं आणि हाताच्या सवयीने उतरवलं: पुरुष, वय एकोणपन्नास. पोटात तीव्र दुखत होते. कर्मचाऱ्यांचे वर्तन चांगले. तक्रार नाही. वर तारीख, खाली सही.

मॅडमनी कागद वाचला. मग उलटा करून मागची बाजू पाहिली.

"बाकीचं कुठंय?"

"कसलं बाकीचं?"

"बावन्न मिनिटं बोललेत ते."

"अहो मॅडम, त्यातली अठ्ठेचाळीस मिनिटं नुसता फापटपसारा आहे."

"मला तो फापटपसाराच हवाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण माझे कान गरम झाले.

मग मला कळलं की उतरवायचं म्हणजे सगळं उतरवायचं. प्रत्येक 'अं', प्रत्येक 'म्हणजे', खोकला, हसू. माणूस गप्प बसला तर तेही लिहायचं, 'शांतता, चार सेकंद'. मॅडम स्वतः मुलाखतीत एक प्रश्न विचारत, "त्या दिवसाबद्दल सांगा", आणि पुढचा तासभर फक्त "हं…" म्हणत. एका मुलाखतीत मी त्यांचे एकशे चौदा हुंकार मोजले. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव हुंकारबाई ठेवलं. तोंडावर अर्थात मॅडमच.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला आता 'आलेच' म्हणून ठोकून द्यायची सवय मोडावी लागणार. तुझं सगळं मोजलं जाणार." हा त्याचा जुना विनोद. मी फोनवर "आलेच" म्हटलं की हा पाऊण तासाने गॅस पेटवतो आणि तरी जेवण गार होतं. मी निघालेच म्हणते तेव्हा चपला शोधत असते, झालंच म्हणते तेव्हा नुकतीच सुरुवात केलेली असते. त्यात खोटेपणा नसतो हो. मनाने मी पोचलेली असते, पाय मागून येत असतात.

पण तो विनोद त्या दिवशी मला लागला. त्याला कारण होतं. ते मी घरी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक होता बदलीचा अर्ज: अँब्युलन्स कायमची सोडून भांडार विभागात जाण्याचा. तिथे बँडेजचे गठ्ठे लावायचे आणि ऑक्सिजनचे सिलिंडर मोजायचे, सहाला घरी. साहेबांनी सांगितलं होतं, सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत सही करून द्या नाहीतर सोमवारपासून गाडीवर हजर व्हा. सगळ्यांना वाटत होतं मी गुडघ्यामुळे विचार करतेय. गुडघा तर तिसऱ्या आठवड्यातच बरा झाला. मी लंगडायचं विसरले की आठवण करून लंगडत होते.

दुसरा कागद म्हणजे माझ्याविरुद्ध आलेली तक्रार. आठ महिन्यांपूर्वी एका पेशंटला वाचनालयातून उचललं होतं. छातीत दुखत होतं, ऑक्सिजन कमी. नेहमीचा रस्ता म्हणजे पूल, आणि पुलावर दुरुस्ती. पुढे ट्रक आडवा, मागे गाड्यांची रांग, सायरन वाजून वाजून घसा बसल्यासारखा झालेला. दहा मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. पेशंट वाचला. महिन्याभराने पत्र आलं. नाव-पत्त्यावर ऑफिसने काळी पट्टी मारली होती, बाकी मजकूर मला पाठ आहे:

'सदर कर्मचारी महिलेने प्रवासात "पोचलोच" हा शब्द सतरा वेळा उच्चारला. पैकी सोळा वेळा तो असत्य होता. "पोचलो" हे भूतकाळाचे रूप असून त्यास जोडलेला "च" निश्चय दाखवतो. न घडलेल्या गोष्टीस भूतकाळ लावून वर निश्चय दाखवणे ही रुग्णाची दिशाभूल होय.'

साहेब पोट धरून हसले. माझ्यावर कारवाई झाली नाही. फक्त सगळ्या गाड्यांत एक परिपत्रक चिकटवलं गेलं: रुग्णास पोचण्याची वेळ सांगू नये. सहकाऱ्यांनी महिनाभर माझी टर उडवली. मीही हसले. पण आतून मी साफ खचले. कारण ते खरं होतं. ज्याची छाती दुखतेय, जो माझ्या तोंडाकडे बघतोय, त्याला मी सोळा वेळा खोटं सांगितलं होतं, आणि त्याला ते कळत होतं. वीस वर्षांत आणखी किती जणांना कळलं असेल?

त्यानंतर मी गाडीत गप्प झाले. नाडी, दाब, सुई, मशीन, बस्स. आमचे ड्रायव्हरदादा मधल्या काचेतून विचारायचे, "ताई, मागे कुणी आहे ना?" एकदा एका म्हातारीने विचारलं, "किती राहिलं गं?" मी मशीनचं बटण उगाच दाबत बसले. तिने बाजूची दांडी घट्ट धरली आणि हॉस्पिटल येईपर्यंत सोडली नाही. मग गुडघा मुरगळला आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

तर मी हुंकारबाईंच्या खोलीत अशी लपून बसले होते. आणि तिथे बसून बसून मला त्या कामाची गोडी लागली. पेशंटचे शब्द जसेच्या तसे चिठ्ठ्यांवर लिहून मॅडम भिंतीला लावत. 'छत फार जवळ होतं.' 'बाईंचा चेहरा उलटा दिसत होता, त्यामुळे हसल्या की रागावल्या ते कळेना.' 'माझी एक चप्पल घरीच राहिली.' ही चप्पल मला आधी हास्यास्पद वाटली. पण तेरा मुलाखतींपैकी नऊ जणांची चप्पल निघाली! कुणाची जिन्यात राहिलेली, कुणाची रस्त्यात. माणसाचं आतडं फुटायला आलेलं आणि जीव त्या चपलेत अडकलेला. "परत चालत घरी जायचं आहे असं वाटत असणार त्यांना," मॅडम म्हणाल्या. वीस वर्षांत मी एकदाही कुणाच्या पायांकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं.

माझा उत्साह बघून त्या मला एका मुलाखतीला घेऊन गेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला अगदी विहिरीत पडल्यासारखं वाटलं." मॅडम म्हणाल्या, "हं…" आणि थांबल्या. एक सेकंद झाला, दोन झाले. मला ते सहन होईना.

"विहिरीत म्हणजे चक्कर का? उभं राहिल्यावर की बसल्या बसल्या? किती वेळ?" मी विचारलं, आणि बोलता बोलता बाईंचा हात हातात घेऊन नाडी मोजायला लागले. नाडी जोरात होती. मी त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, मॅडमना पाणी आणायला पिटाळलं. नाडी जोरात होती कारण कुणीतरी अचानक हात धरून नाडी मोजत होतं, हे नंतर लक्षात आलं.

परतताना मॅडमनी आधी गाडी सुरू केली. मग म्हणाल्या, "ताई, त्या विहिरीबद्दल सांगणार होत्या."

"सॉरी."

"माणूस गप्प होतो तेव्हा तो संपलेला नसतो. आत काहीतरी शोधत असतो. मनात दहा आकडे मोजा. दहाच्या आत तो बोलतोच."

"आणि नाही बोलला तर?"

"तर परत दहा मोजा. बुधवारी सहभागी क्रमांक चौदा आहेत. तुम्ही फक्त रेकॉर्डर सांभाळायचा. एक शब्द बोललात तर खाली गाडीत बसवेन."

एवढ्याशा आवाजात एवढा दम देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बुधवारी आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. मॅडम सहभागींना नेहमी आकड्यानेच ओळखायच्या, त्यामुळे मला फक्त चौदा हा आकडा माहीत. दार एका ठेंगण्या, हसऱ्या काकूंनी उघडलं. आत पुस्तकांनी भरलेली खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर उघडा शब्दकोश आणि तीन लाल पेनं एका रेषेत. काका सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, केस चापून बसवलेले. मॅडमनी संमतीपत्र पुढे केलं. काकांनी ते वाचलं, लाल पेन उचललं आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मग सही केली.

"चाळीस वर्षं प्रेसमध्ये होते," काकू कौतुकाने म्हणाल्या. "प्रूफं तपासायचे. पत्रिका आली तरी आधी चुका काढतात, मग कुणाचं लग्न ते बघतात."

मी रेकॉर्डर सुरू केला. मला अजूनही काही कळलं नव्हतं. आडवा माणूस आणि उभा माणूस यांत फार फरक असतो, आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असला की सगळे सारखेच दिसतात.

"त्या दिवसाबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी घसा साफ केला. "आम्ही दोघं वाचनालयात गेलो होतो. पायऱ्या चढताना छातीत कळ आली. अँब्युलन्स लगेच आली, ते मान्य केलं पाहिजे. हिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, मला मागे. आणि मग पुलावर अडकलो."

मी रेकॉर्डरवरून मान वर केली.

"मागे एक बाई होत्या. हात चांगला होता, सुई एका झटक्यात लावली. पण त्या खोटं बोलल्या." काकांनी चष्मा सारखा केला. "सतरा वेळा."

मला उठून पळावंसं वाटलं. पळता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. बोलायचं तर कितीतरी होतं! अहो, पूल मी बंद केला होता का? पन्नास मिनिटं लागतील, तोवर धीर धरा, असं सांगायला हवं होतं का? माझी जीभ दातांवर येऊन उभी राहिली होती. मॅडम म्हणाल्या, "हं…"

आणि खोली शांत झाली.

मी मोजायला लागले. एक. दोन. काका खिडकीकडे बघत होते. तीन. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चार, पाच. रेकॉर्डरचा लाल ठिपका जळत होता. सहा. आता बोलतेच, काय व्हायचं ते होवो. सात. आठ.

"पहिले पाच मी रागाने मोजले, तक्रार द्यायचीच म्हणून," काका म्हणाले.

"हं…"

"मग वेगळंच झालं. डोळे मिटायला लागले. दुखणंही कमी वाटायला लागलं. आत छान, मऊ वाटत होतं. वाटलं, मिटावेत डोळे. आणि तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, पोचलोच." काकांनी टेबलावर बोट आपटलं. "आता मला सांगा, असं धडधडीत चुकीचं कुणी बोललं तर माणूस डोळे मिटून पडेल का? मी डोळे उघडले. खिडकीतून बघितलं. पुलावरचा तोच दिव्याचा खांब! वाकडा, वरची काच फुटलेली. म्हटलं, खोटं. झाले सहा. परत डोळे जड व्हायला लागले की त्या परत, पोचलोच. परत बघितलं, तोच खांब. सात. चूक दिसली की मला झोप लागत नाही हो. चाळीस वर्षं तेच काम केलंय."

मला समोरचं दिसेनासं झालं. मी रेकॉर्डरवर मान खाली घातली.

"आणि मी पुढून ऐकत होते," काकू एकदम म्हणाल्या. मुलाखत काकांची होती, पण मॅडमनी त्यांना अडवलं नाही. "यांचा आवाज येत नव्हता. तिचा तेवढा यायचा. ती पोचलोच म्हणाली की मी म्हणायची, म्हणजे हे ऐकतायत, म्हणजे आहेत. मध्येच एकदा ती बराच वेळ गप्प झाली. मला ते सहन होईना. मी मधली काच वाजवली."

काच! मला ती काच चांगली आठवत होती. कुणीतरी पुढून धाडधाड वाजवली होती. मला वाटलं होतं लवकर चला म्हणून ओरडतायत. मी चिडून, मोठ्याने म्हटलं होतं, "पोचलोच हो!"

"हे तुम्ही तक्रारीत लिहिलं नव्हतं?" मॅडमनी विचारलं. तासाभरातला त्यांचा हा दुसराच प्रश्न.

"त्या फॉर्मवर 'तक्रारीचे स्वरूप' एवढाच रकाना होता," काका म्हणाले. "तक्रारीचं स्वरूप लिहिलं. बाकीच्याला जागा कुठे होती?"

मुलाखत संपली. मी रेकॉर्डर बंद केला, वायर गुंडाळली, उलटी गुंडाळली, परत सोडली. मॅडम काकूंचे आभार मानून जिना उतरायला लागल्या होत्या. दोन पायऱ्यांवरून त्यांनी हाक मारली, "ताई, येताय ना?"

"आलेच!" मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

काका उभे होते. बोट वर केलेलं, डोकं किंचित तिरकं, जणू पानावर काहीतरी सापडलं होतं.

"रूप वेगळं आहे," ते सावकाश म्हणाले, "पण च तोच. अठरा."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. मी दारातच उभी राहिले, आणि तासभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "अहो काका, पूल बंद होता! ट्रक आडवा होता! मी काय सांगणार होते तुम्हाला? मला स्वतःलाच माहीत नव्हतं आपण पोचणार की नाही! मी तुम्हाला फसवत नव्हते हो. मी… मी पण घाबरले होते. ते मी स्वतःलाच सांगत होते." एवढं बोलून मी रडायला लागले. वीस वर्षांची पॅरामेडिक, एका गृहस्थाच्या दारात, हातात वायर घेऊन.

"बसा," काका म्हणाले. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. त्या नुसत्या "अगं, अगं" म्हणत होत्या.

काकांनी कपाटातून एक फाईल काढली. त्यांच्या तक्रारीची प्रत त्यात होती. असा माणूस प्रत ठेवणारच. 'पोचलोच' या शब्दातल्या 'च'वर लाल रेघ मारलेली होती, समासात 'काढा' अशी खूण. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या खोडलेल्या 'च'खाली तीन बारीक टिंबं दिली. मग समासात लिहिलं, 'असू द्या.'

"हे काय?" मी नाक पुसत विचारलं.

"तपासणाराही चुकतो," काका म्हणाले. "नको ते खोडून बसतो. मग खाली टिंबं द्यायची. म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी समजतो की हे काढायचं नाही, होतं तसं ठेवायचं." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "शब्द चूकच आहे. ते मी मागे घेत नाही. पण असू द्या."

गाडीत मी मॅडमना सगळं सांगितलं. मी त्यांच्याच पेशंटची पॅरामेडिक निघाले होते, आणि वर काकांच्या दारात गळा काढून आले होते. संशोधनाच्या नियमात हे मुळीच बसत नव्हतं. त्यांनी गाडी बाजूला थांबवली. मी दहा मोजले. परत दहा मोजले.

"हे सगळं मला नोंदवावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या मार्गदर्शकांना कळवावं लागेल. काकांनाही विचारावं लागेल, मुलाखत ठेवायची की काढायची." मग त्यांनी चष्मा काढला, आणि मी पहिल्यांदा त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं. "अठरा! देवा रे. ताई, रेकॉर्डर का बंद केलात?"

काकांनी मुलाखत ठेवायला सांगितली, एका अटीवर: उतरवलेला मजकूर छापण्याआधी त्यांना तपासायला द्यायचा. मी सत्तर पानं शब्दन् शब्द उतरवली. 'शांतता, आठ सेकंद' हेही लिहिलं. जिन्याखालच्या भिंतीवर चपलांच्या शेजारी एक नवी चिठ्ठी लागली, आणि तिच्यावर एकच अक्षर होतं.

शुक्रवारी मी साहेबांच्या टेबलावर बदलीचा अर्ज सही न करताच ठेवला.

"गुडघा?" साहेबांनी विचारलं.

"केव्हाच बरा झालाय," मी म्हटलं आणि न लंगडता बाहेर पडले.

घरी नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत राहिला, मध्ये एकदाही विनोद केला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "इतके महिने एकटीच घेऊन बसलीस होय." आणि माझं ताट वाढलं, गरम.

सोमवारी सकाळी पहिलाच कॉल एका दुकानदार काकूंचा. दम लागलेला, ओठ फिके, स्ट्रेचरवर घेतानाच डोळे मिटत होते. मी त्यांच्या दोन्ही चपला उचलून त्यांना दिसतील अशा पायाशी ठेवल्या. दादांनी सायरन लावला. मास्क, नाडी, सुई. समोर परिपत्रक चिकटलेलं होतं: रुग्णास पोचण्याची वेळ सांगू नये. मी वेळ सांगणारच नव्हते.

पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली. दुरुस्ती अजून चालूच आहे. ती काही आमच्या हयातीत संपत नाही. खिडकीबाहेर एक दिव्याचा खांब दिसत होता, वाकडा, वरची काच फुटलेली. काकूंच्या पापण्या जड झाल्या होत्या.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काकू, पोचलोच हं."

मधल्या काचेतून दादांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या मिशा रुंदावल्या. काकूंनी एक डोळा उघडला. मान कष्टाने वळवली, खिडकीतून खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं पोचलो?" मास्कमधून चिडका आवाज आला. "पुलावरच तर आहोत!"

"एक," मी म्हटलं, आणि त्यांचा हात घट्ट धरला.